द्राक्षमळ्यातली एक रात्र
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गेल्या माघात मी नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला एका वाईनवाल्याच्या रिसॉर्टात मुक्काम करून आलो. हसू नका. पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, खोली त्याने घेतली होती. भाडे ऐकले आणि मनात हिशोब केला. एक क्विंटल कापूस घातला तरी वर रोकड मोजावी लागली असती. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये होता. तो कितीजणांच्या हाती पडला ते तुम्ही जाणता.

खिडकीबाहेर द्राक्षाच्या रांगा, शहरातली पोरेपोरी त्यात फोटो काढताहेत. पहाटे तोडणीच्या बायांशी बोललो. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या. आत काय बनते ते त्यांनी कधी चाखलेले नव्हते. मी चाखले. आंबट लागले. पण टाक्या दाखवणाऱ्या माणसाने सांगितले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वाईनला मोठा देखणा मणी चालत नाही, बारीक आणि बियांचा लागतो. वेलीवर माल मुद्दाम कमी ठेवतात आणि साखर मोजूनच तोड धरतात.

सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढले आणि इथल्या द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्कात माफी दिली. त्याबद्दल मला असूया नाही. आपण हेच मागत होतो : शेतकऱ्याच्या मालावर प्रक्रिया होऊ द्या, वाटेतून बाजूला व्हा. आपल्या वाट्याला काय आले? १९७२ पासून कापसाचा एकाधिकार. घरचा कापूस सरकारखेरीज दुसऱ्याला विकला तर गुन्हा, सरहद्दीवर गाड्या अडवलेल्या. ज्यांच्या गाड्या अडल्या ते आज या मांडवात बसले आहेत.

तरी बागायतदाराचे सगळे गोड आहे असे समजू नका. २००८ नंतर वाईनचा खप बसला. लहान कारखान्यांनी माल उचलला नाही आणि शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. खायचे द्राक्ष एकाने नाही घेतले तर दुसरा घेतो. वाईनच्या द्राक्षाला कारखान्याशिवाय गिऱ्हाईक नाही. एकच गिऱ्हाईक म्हणजे काय, हे कापूसवाल्याला शिकवायला नको.

ज्वारीचेही तेच. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढायला सरकारने अनुदानाची योजना आणली. नाव ज्वारीवाल्याचे, अनुदान कारखानदाराला.

त्या रिसॉर्टात एक गोष्ट मात्र मनात बसली. किलोवर द्राक्ष विकणाऱ्याला किलोचाच भाव मिळतो. खोली, जेवण, मळ्यातला फेरफटका यांचा पैसा मळ्याच्या धन्याकडे राहतो. आपला हुरडा काय कमी आहे? आगटी पेटवली, कणसे भाजली, सोबत तिळाची चटणी आणि गूळ दिला की शहरचा माणूस पैसे मोजून खातो. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात एक एकरवाल्यालाही नोंदणी करता येते. अडचण आहे ती पाण्याची, संडासाची आणि रस्त्याची. गंगापूर धरणाचे पाणी आपल्या बांधावर येणार नाही. हुरड्याचे दिवसही जेमतेम दीड-दोन महिने. त्यावर घर चालेल असे मी म्हणत नाही.

ज्यांचे रान डांबरी रस्त्याला लागून आहे आणि विहिरीला माघापर्यंत पाणी टिकते, त्यांनी मेळावा संपल्यावर मांडवाच्या मागे थांबावे. खर्चाचा कागद मी करून आणला आहे. तो बायाबापड्यांसमोर मोठ्याने वाचू, कारण चूल त्यांनाच सांभाळायची आहे.