वीजबाजार आणि संगणकाचे गणित



धान्याचा भाव पडला तर शेतकरी काही काळ माल कोठारात ठेवू शकतो. विजेच्या बाबतीत मात्र साठवणुकीची साधने वापराच्या मानाने अद्याप अल्पच असल्याने, ती निर्माण होते त्याच क्षणी खपावी लागते. शिवाय धान्याची गाडी ठरलेल्या रस्त्याने जाते. वीज कराराचा कागद पाहत नाही. ती उपलब्ध असलेल्या सर्व वाहिन्यांतून, प्रत्येकीच्या अवरोधानुसार, विभागून वाहते. म्हणूनच विजेचा बाजार गणितावाचून चालणे अशक्य आहे.

२००३ च्या विद्युत कायद्याने आपल्या देशात या बाजाराचा पाया घातला व २००८ मध्ये वीज विनिमय केंद्रांचे व्यवहार सुरू झाले. तेथे उद्याच्या विजेचा सौदा आज होतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून, प्रत्येक भागासाठी विक्रेत्यांचे व खरेदीदारांचे देकार संगणक क्रमाने लावतो. मागणी व पुरवठा जेथे जुळतात तो दर ठरतो.

परंतु सौदा जुळला म्हणजे वीज पोहोचलीच असे नव्हे. तिचा भार वाहिन्यांना पेलेल काय, हे भारप्रवाहाच्या गणिताने पाहावे लागते. प्रत्येक उपकेंद्रात येणारी व तेथून जाणारी वीज यांचा मेळ घालणारी हजारो समीकरणे संगणक सोडवितो आणि एखादी वाहिनी अचानक बंद पडल्यास शेजारच्या वाहिनीवर किती भार येईल, हेही आगाऊ सांगतो. वाहिनी अपुरी असेल तर बाजाराचे विभाग पडतात आणि दोन्ही बाजूंचे दर भिन्न होतात. दक्षिणेकडील राज्यांनी याच कारणाने दीर्घकाळ महाग वीज घेतली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकरूप झाले. या जोडणीत आपल्या सोलापूरचा वाटा आहे.

गणिताची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटण्यापासून सुरुवात होऊन प्रथम उत्तरेचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्येचे जाळे कोसळले. वाहिन्या आधीच दुर्बल झाल्या होत्या. भारप्रेषण केंद्रांनी दिलेल्या सूचनांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. संगणक इशारा देऊ शकतो. तो पाळणे माणसाच्याच हाती असते.

२०१७ मध्ये आपल्या राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू. गावाजवळचे उपकेंद्र ही वीज सामावून घेईल काय, हा प्रश्नही भारप्रवाहाचाच आहे. या गणितात गावातील पंपांची खरी संख्या व त्यांची खरी अश्वशक्ती घालावी लागते. ती नोंद चुकली तर उत्तम संगणकही चुकीचेच उत्तर देईल. पंचायत सदस्यांनी ही नोंद अचूक ठेवली आणि शिक्षकांनी तिचे महत्त्व विद्यार्थ्यांना समजावून दिले, तर या दूरच्या वाटणाऱ्या शास्त्राचा लाभ बांधापर्यंत पोहोचेल.