नव्या बाजारातील आपली दोरी
(शिंपी समाजाच्या न्हावरे येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विषय आमच्या वयास शोभणारा नाही, असे कोणास वाटेल. आमचे आयुष्य खडू-फळ्यात गेले. आणि आज बोलावयाचे आहे ते मोबाईलच्या पडद्यावरून गिऱ्हाईक कसे मिळवावे याविषयी. तथापि हा प्रश्न आता आपल्या घरांत शिरला आहे, म्हणून त्याचा विचार वडीलधाऱ्यांनीही केला पाहिजे.

न्हावरे हे घोडगंगा साखर कारखान्याचे गाव. याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत. त्यामुळे कामास जाणे म्हणजे कोठल्या तरी फाटकातून हजेरी देऊन आत शिरणे, अशीच आपली समजूत झाली आहे. परंतु आपल्यांतील काही मुले-मुली घरी बसून दुकानांच्या जाहिराती रेखाटतात, हिशेब लिहितात, भाषांतरे करतात, संकेतस्थळे बांधतात. एका मालकाची चाकरी नाही. जो काम देईल त्याचे काम करावे आणि ठरलेला मोबदला घ्यावा. यास फ्रीलान्सिंग म्हणतात. नाव नवे असले, तरी रीत आपल्या बापजाद्यांचीच आहे. आपला शिंपी कोणाचा पगारी नोकर होता?

आमचे वडील बाजाराच्या दिवशी झाडाखाली मशीन मांडीत. मागे दोरीवर शिवून तयार झालेली एक कोपरी टांगलेली असे. ती विकावयाची नसे. येणाऱ्याने तिची शिवण उलटून पाहावी, काजे ओढून पाहावीत, आणि मगच आपले कापड हाती द्यावे, एवढ्यासाठी ती होती. आम्हांस वाटते, आजची समाजमाध्यमे म्हणजे हीच दोरी होय. फेसबुक असो, इन्स्टाग्राम असो, वा नोकरी-व्यवसायाच्या ओळखीसाठी २००३ साली सुरू झालेले लिंक्डइन असो, त्यावर आपले मुखकमल टांगावयाचे नसून आपली शिवण टांगावयाची आहे.

याचा थोर दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते असे म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा. परंतु ‘आमचा नांगर घ्या’ एवढेच त्यात छापले असते, तर ते कोणी वाचले असते? वाचणाऱ्याच्या उपयोगाचा मजकूर त्यात येत गेला, म्हणूनच पुढे १९२९ पासून तेच पत्र ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घरांत मानाने नांदले. आधी उपयोगी पडावे, मग विकावे, हा त्यातील धडा होय.

तो आपल्या मुलांनी कसा गिरवावा? प्रथम, आपण कोणते काम करतो व कोणासाठी करतो, हे एका वाक्यात लिहावे. ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ ही पाटी कोणाच्याही लक्षात राहत नाही. दुसरे, निवडक चार-पाच नमुने मांडावेत. अद्याप गिऱ्हाईक नसेल, तर सरावासाठी नमुना करावा. मात्र तो सरावाचा आहे असे स्पष्ट सांगावे. तिसरे, आठवड्यातून एकदा तरी आपल्या कसबातील एखादी उपयोगी गोष्ट समजावून द्यावी. दुकानदारास पाटीवरील अक्षर किती मोठे असावे हे फुकट सांगणाऱ्याकडेच तो पुढे पाटी करावयास येतो. शिरूरच्या व्यापाऱ्याशी मराठीत बोलावे, परदेशच्या ग्राहकाशी इंग्रजीत. गिऱ्हाइकाची खासगी माहिती त्याच्या संमतीवाचून कधीही दाखवू नये. पैसे देऊन खोटे चाहते जमवू नयेत. गर्दी भाड्याने आणली म्हणून कापड शिवावयास येत नाही.

विचारणा आली की त्याच दिवशी उत्तर द्यावे. रक्कम किती, काम कोणत्या तारखेस, फेरबदल किती वेळा, आगाऊ किती, हे सारे लेखी ठरवावे आणि दिलेला वायदा पाळावा. नमुन्याने गिऱ्हाईक एकदा येते. वायद्याने ते पुन्हा येते.

एक इशाराही दिला पाहिजे. काम देण्यासाठी जो आधी आपल्याकडेच पैसे मागतो, मग ते नोंदणी म्हणून असोत वा अनामत म्हणून, तो बहुधा भामटाच समजावा. फसगत झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

आता एक गोष्ट, जी सांगताना आमची मान खाली जाते. आमच्या नात्यातील एका मुलीकडून आम्ही घरच्या लग्नाची पत्रिका करून घेतली. तीन वेळा फेरबदल करविले. पत्रिका सर्वांनी वाखाणली. मोबदल्याचा विषय निघाला, तेव्हा ‘तू तर घरचीच’ असे म्हणून आम्ही हसलो. तीही हसली. पुढे कळले की, आमच्या पत्रिकेसाठी तिने परगावच्या एका दुकानदाराचे काम मागे ठेवले होते. वायदा चुकला आणि ते गिऱ्हाईक गेले. आम्ही तिच्या घरी जाऊन पैसे दिले. गेलेले गिऱ्हाईक मात्र परत देता आले नाही. आमच्या वडिलांकडून कोणी फुकट कोपरी शिवून नेली असती, तर आम्हांस काय वाटले असते?

यास्तव आपणांपाशी तीन मागणी आहेत. आपल्या मुलांचे काम घ्याल, तर दाम द्या. काम आवडले, तर चार ओळी त्यांच्या पानावर लिहा. ती शिफारस कोणत्याही जाहिरातीहून मोलाची आहे. आणि वधू-वर परिचयाच्या वेळी मुलगा वा मुलगी घरून स्वतंत्र व्यवसाय करते असे कळताच, ‘म्हणजे नोकरी नाहीच’ असे म्हणून नाक मुरडू नका. मिळकत विचारा, सचोटी विचारा. पण त्या कष्टास रिकामपण म्हणू नका.

झाडाखालचे ते मशीन आज राहिले नाही. दोरी मात्र आपल्या मुलांनी पुन्हा बांधली आहे. तिच्यावर चांगली शिवण टांगण्याची सद्बुद्धी त्यांस, आणि ती पारखून दाम देण्याची सद्बुद्धी आपणां सर्वांस लाभो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.