दाखल्यानंतरचा रकाना

(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



महोत्सवाच्या तयारीसाठी गेले काही दिवस मी शाळेच्या जुन्या दाखल-खारीज वह्या चाळीत होते. प्रत्येक नावापुढे शेवटचा रकाना असतो ‘शाळा सोडण्याचे कारण’. त्यापुढे वहीत काहीच नाही. ज्यांनी नाव काढले त्यांची नावे आज फलकावर झळकत आहेत. मला मात्र बोलायचे आहे ते त्या रकान्यानंतर ज्यांचा ठावठिकाणा आपल्यापाशी उरला नाही, त्यांच्याविषयी.

सरकारी हिशेबात बेरोजगार म्हणजे काम शोधणारा किंवा कामास तयार असलेला. शोधून थकला आणि कामाची तयारीच सोडून घरी बसला, की तो त्या हिशेबातून गळतो. म्हणून अलीकडे निराळी गणना होते: जो शिकत नाही, कमावत नाही आणि कोणतेही प्रशिक्षणही घेत नाही, असा तरुण. 2020-21 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत 15 ते 29 वयोगटातील जवळजवळ एक तृतीयांश तरुण असे आढळले. मुलींत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. मुलगी काय करते असे विचारले, की ‘घरीच असते’ हे उत्तर आपण किती सहज देतो! पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या मुलीबद्दलचे हे उत्तर मला नेहमीच खटकते.

आपले बीरगाव उरला आणि सिलतऱ्याच्या धुराड्यांच्या सावलीत वाढले. स्पंज आयर्नचा भाव उतरला, की रोलिंग मिलची एखादी पाळी बंद होते, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे. जुन्या कामगाराला काढले तर बोभाटा होतो; नवी भरती थांबली तर कोणाला कळतही नाही. ज्याला कधी घेतलेच नाही, त्याला काढले असे कोण म्हणणार? मुंबईच्या गिरणगावात हेच झाले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या हालअपेष्टांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु बापामागून मुलगा ‘बदली’ म्हणून ज्या दाराने गिरणीत शिरत असे, ते दारही तेव्हाच मिटले. जपानात 1990 नंतरच्या मंदीत पदवी घेतलेली पिढी अशीच दाराबाहेर राहिली. त्यांतील अनेक जण चाळिशीतही तात्पुरत्या कामांवर होते. अखेर 2020 पासून तेथील सरकारला त्यांच्यासाठी खास योजना आखावी लागली.

आपल्या राज्याने 2023 मध्ये दरमहा 2500 रुपयांचा बेरोजगारी भत्ता सुरू केला. हेतू चांगलाच होता; परंतु अट बारावी उत्तीर्णतेची आणि रोजगार कार्यालयातील दोन वर्षे जुन्या नोंदणीची. नववीतून बाहेर पडलेल्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

आणि तो नववीतून बाहेर पडला तेव्हा आपण काय केले? 2020 च्या टाळेबंदीत कारखाने थांबले, भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या, शाळा मोबाईलवर गेली. आमच्या नववीतील एका मुलीच्या घरी एकच फोन होता आणि तो वडील कामाच्या शोधात सोबत नेत. काही महिन्यांनी मी तिच्या नावापुढे ‘दीर्घ अनुपस्थिती’ असे लिहून नाव कमी केले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. तिचे घर शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. दोन वर्षांनी ती बाजारात भेटली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “बाई, आता येता येईल का हो?” तिचे वय तेव्हा सतराच्या पुढे गेले होते. मुक्त विद्यालयाचा अर्ज आम्ही दोघींनी बसून भरला. ती दहावी झाली. पुढचे अजून ठरायचे आहे.

म्हणून या वर्षी आम्ही एक नवी वही घातली आहे. दाखला नेल्यानंतर तीन वर्षे, दर सहा महिन्यांनी, प्रत्येक मुलामुलीची विचारपूस करून तीत नोंद करायची. शिक्षक अपुरे आहेत, हे सांगायला संकोच कसला? उरल्यात, भिलाईत, नागपुरात आपापल्या जागी असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पाच-पाच नावे घ्यावीत, एवढीच विनंती आहे. ‘आमच्याकडे एक उमेदवार ठेवता येईल’ एवढा निरोपही पुष्कळ आहे. वही कार्यालयात, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाची पंगत बसण्यापूर्वी कृपया तिकडे एकदा यावे.