एका मताचा हिशेब

मतदानाच्या दिवशीं घरीं बसणारे सुशिक्षित गृहस्थ विचारतात, लाखों मतांत माझ्या एका मतानें काय व्हावयाचें आहे? गणित शिकविण्यांत जन्म गेलेला मी सांगतों, हिशेब बरोबर आहे. २०२४ सालीं वायव्य मुंबईंत लोकसभेचा निकाल अवघ्या ४८ मतांनीं लागला. तेथेंही एकट्याच्या मतानें कांहीं पालटलें नसतें.

मग माणसें उन्हांत रांगेला उभीं कां राहतात? भाऊबंदांची भीड, पुढाऱ्याची मोटार, हीं कारणें आहेतच. पण तेवढींच नव्हेत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं याद्या होत असतां असंख्य स्त्रियांनीं आपलें नांव सांगितलेंच नाहीं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेंच! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी मान्य केल्या नाहींत, आणि सुमारें २८ लाख स्त्रिया यादींतून गळाल्या. निर्णय कठोर खरा, परंतु मला तो योग्यच वाटतो. पुढें २०१९ सालीं लोकसभेसाठीं स्त्रियांच्या मतदानाचें प्रमाण पुरुषांहून किंचित् अधिक भरलें.

मतदान-केंद्रांत अधिकारी यादींतील नांव मोठ्यानें वाचतो. तें चारचौघांत पुकारलें जावें, एवढ्यासाठींही पुष्कळजणी येत असाव्यात, असा माझा समज आहे.