वाडा पाडण्यापूर्वी रुमाल सोडवा
(नारायण पेठेतील श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मला सावकार-व्यापाऱ्यांच्या वाड्यांविषयी बोलायचे आहे. आरंभ मात्र दूरच्या एका घरापासून करतो.

जपानमधील ताकायामा नगरात कुसाकाबे या व्यापारी घराण्याचे लाकडी घर आहे. मूळ घर १८७५ च्या आगीत भस्मसात झाले. १८७९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि १९६६ मध्ये तेथील शासनाने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक वास्तू ठरविले. आज तेथे जाणारा पाहुणा पादत्राणे काढून आत शिरतो आणि जमिनीत बसविलेली शेगडी व उंचावरच्या भक्कम तुळया न्याहाळतो.

यात आपल्याला परके असे काय आहे? उंबरा, ओसरी, चौक, माजघर, सागवानी खांब यांत आपण वाढलो. सावकाराच्या वाड्यात दर्शनी भागी पेढी आणि आत संसार. देवघर आणि तिजोरी एकाच छपराखाली. ही घरे राज्याच्या इतिहासाबाहेर नव्हती. थोरल्या बाजीरावांच्या स्वाऱ्या कर्जावर उभ्या राहिल्या; त्या कर्जाची विवंचना त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रांतून कळविली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई रास्ते या सावकार घराण्यातल्या. त्याच घराण्याचे नाव रास्ता पेठेला मिळाले.

मग आपले वाडे का गेले? १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे कोसळले. जे उरले, त्यांची भाडी १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवली होती. दुरुस्ती मालकाला परवडेना आणि परक्याच्या भिंतीवर खर्च करणे भाडेकरूला पटेना. पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीत राहणाऱ्या माणसाला वारशाचे पाठ देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

याच पेठेतला गायकवाड वाडा लोकमान्यांनी १९०५ मध्ये सयाजीराव गायकवाडांकडून घेतला आणि तो केसरीवाडा झाला. वृत्तपत्राचे काम आणि गणेशोत्सव यांमुळे तो नांदता राहिला. प्रत्येक वाड्याला असे भाग्य लाभणार नाही. पुष्कळसे पडणारच, हे मान्य करून मी पुढचे बोलतो.

वाड्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्षही नसते. माळ्यावरच्या पेटाऱ्यात रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या मोडी लिपीत पडून असतात. कोणत्या साली धान्य काय भावाने गेले, कोणाला किती व्याजाने कर्ज दिले, कोणत्या उत्सवाला किती खर्च झाला, हे सारे तेथे लिहिलेले असते. वाचता येत नाही, म्हणून ते रद्दीत जाते. राजवाड्यांनी अशाच दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ शेजारच्याच सदाशिव पेठेत आहे.

तेव्हा माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. वाडा पाडण्यापूर्वी त्याचा मोजून आराखडा काढा. चौकापासून माळ्यापर्यंत छायाचित्रे घ्या. आणि कागदांचे रुमाल न सोडता रद्दीवाल्याला देऊ नका. ते मंडळाच्या जाणकारांना दाखवा. घरातल्या एका मुलाने वा मुलीने मोडी शिकावी, एवढी जोड त्याला मिळाली, तर पणजोबांची चोपडी पणतू स्वतः वाचेल.