कारखान्यांच्या गावातली रोजंदारी

धार आणि देवास आपल्याला ठाऊक आहेत ती पवारांची संस्थानं म्हणून. आज तिथल्या रोजगाराविषयी बोलू. देवासला १९७४ पासून नोटा छापणारा सरकारी कारखाना आहे. नोटांची शाईसुद्धा तिथेच बनते. धार जिल्ह्यातलं पीथमपूर तर कारखान्यांवरच वाढलं. २०११ च्या जनगणनेत तिथे १,२६,२०० माणसं होती, आणि खुद्द धार शहरात ९३,९१७! पण कारखाना आला म्हणजे घरोघरी पगार आला, असं नाही. ठेकेदाराकडचा कामगार रोजावर असतो. ताप आला, खाडा पडला, की रोज बुडाला. खोलीचं भाडं मात्र चुकत नाही. म्हणून अशा घराचं उत्पन्न मोजताना दिवसाचा रोज विचारून भागत नाही. महिन्यात काम किती दिवस मिळालं, हे आधी विचारायला हवं.