गुंडीची शेवटची ओढ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयटी पार्क येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘व्यवसायोपचार’ हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा पाच वर्षांच्या पोराला कसला आला आहे व्यवसाय, असेच आमच्या मनात आले. आमच्या धाकट्यास सौम्य सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचा उजवा हात ताठ असे, गुंडी लागत नसे, घास तोंडाशी जाईतो निम्मा सांडे. परमुलखात घरी आजी नाही, मावशी नाही. तेव्हा त्याचे सारे काही आम्ही उभयतांच उरकून टाकीत असू. प्रेमापोटी, आणि खरे सांगावयाचे तर कचेरीची वेळ गाठण्यासाठीही.

उपचार करणाऱ्या बाईंनी पहिल्या भेटीत औषधांची चौकशी केली नाही. मुलगा सकाळपासून स्वतःच्या हातांनी काय काय करतो, एवढेच विचारले. आम्हांस उत्तर देता येईना. जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे हाच मुलाचा व्यवसाय, हे तेव्हा उमगले. बाईंनी जाड मुठीचा चमचा सुचविला, खुर्चीवर बसताना पाय टेकावेत म्हणून खाली पाट ठेवविला. गुंडी आपण अर्धी घालावी, शेवटची ओढ मात्र त्याने द्यावी. मग हळूहळू आपला वाटा कमी करीत न्यावा. काम पुरे केल्याचा आनंद त्याचा त्याला मिळाला पाहिजे. चंदीगडच्या हिवाळ्यात घरोघरी मटारचे ढीग पडतात. आमच्याकडे ते चिरंजीवांकडे आले! ताठ हाताने शेंग धरावयाची, दुसऱ्याने सोलावयाची. निम्मे दाणे जमिनीवर जात. जाऊ दिले.

या शास्त्राचे आपल्या मुंबईशी जुने नाते आहे. 1900 साली अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या विष्णू निंबकरांशी विवाह करून कमलाबाई निंबकर झाल्या. 1950 साली त्यांनी के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. आशियातील ते पहिले मानले जाते. फलटणच्या एका शाळेस आज त्यांचे नाव आहे. आपण केवळ प्रांत ओलांडला. त्या बाईंनी समुद्र ओलांडला होता.

आमचे मात्र दोन बदल्यांत दोनदा बिनसले. एका गावी उपचारकच मिळेना, आणि मोकळा होऊ लागलेला हात पुन्हा आखडला. ती खंत अद्याप आहे. जून 2014 मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागाचा आदेश निघाला. अपंग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्यास नेहमीच्या बदल्यांतून सूट मिळू शकते. ‘प्रशासकीय अडचण नसल्यास’ ही पुस्ती आहेच. सरकारी कागद तिच्यावाचून पुरा होत नाही. त्याच आदेशाच्या आधारे आम्ही अर्ज केला व येथे राहिलो.

पण त्यासाठी अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि नेमका तोच काढण्यास आपली मंडळी कचरतात. आम्हीही दोन वर्षे कचरलो. लोक काय म्हणतील, म्हणून. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत. बदलीचा आदेश आयटी पार्कातील तरुण दांपत्यांना लागू नसला, तरी हा कायदा त्यांच्याही मुलांसाठी आहे. येथे पी. जी. आय. आहे, सेक्टर 31 मध्ये बौद्धिक अपंगांसाठी सरकारी पुनर्वसन संस्था आहे. मूल वर्षाचे होण्याआधीच एकच हात वापरू लागले, तर वाट पाहू नका.

आदेशाच्या प्रती आम्ही आणल्या आहेत, दारापाशी ठेवल्या आहेत. चिरंजीवही तेथेच बसले आहेत. प्रत तेच देतील. थोडा वेळ लागेल, तेवढा त्यांना द्यावा.